धरणाचे ऋतू आणि आपला माठ

एप्रिल लागला की अनेक वस्त्यांत एकच तक्रार ऐकू येते. नळाच्या पाण्याला ओल्या मातीसारखा, कधी कुबट वास येतो. आषाढात तक्रार बदलते. पाणी गढूळ, चहाच्या रंगाचे येते. दिवाळीनंतर तक्रारच उरत नाही, कारण पाणी काचेसारखे दिसते आणि आपण निर्धास्त होतो. ही तिन्ही पाणी बहुधा एकाच धरणातली असतात, एकाच नळातून येतात. मग फरक कशाने पडतो?

धरणाच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांची एक मोठी वस्ती असते आणि ती ऋतूप्रमाणे बदलते. उन्हाळ्यात तिथे एक जण माजतो, पावसाळ्यात दुसरा घुसतो, थंडीत तिसऱ्याचे राज्य असते. त्यामुळे पाण्यातला धोकाही ऋतूप्रमाणे बदलतो. ‘पाणी उकळून प्या’ हा सल्ला आपल्याला पाठ आहे. तो पावसाळ्यात जीव वाचवतो, पण उन्हाळ्यातल्या एका धोक्यावर तो चालत नाही. हे नीट समजून घेतले पाहिजे.

आधी त्या वस्तीची ओळख करून घेऊ. तलावाच्या किंवा धरणाच्या एका मिलिलिटर पाण्यात, म्हणजे साधारण वीस थेंबांत, दहा लाखांच्या घरात जिवाणू असतात. आकडा ऐकून घाबरू नये. त्यातले बहुसंख्य आपल्याला काहीही करत नाहीत. उलट कुजलेली पाने, मेलेले मासे, गाळ यांचे विघटन करून ते पाणी जिवंत ठेवतात. त्यांच्या जोडीला प्लवक असतात. प्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव. काही वनस्पतीसारखे, सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणारे, ज्यांना आपण सरसकट शेवाळ म्हणतो. काही प्राणी, त्या शेवाळावर जगणारे, पाण्यातल्या पिसवांएवढे किंवा त्याहून लहान. कटल्यासारखा मासा या प्राणी-प्लवकांवरच पोसतो. हिवाळ्यात भिगवणला येणारे रोहित पक्षी चोच उलटी धरून पाण्यातून असेच बारीक जीव गाळून खातात. शेवाळ नसेल तर मासा नाही, आणि मासा नसेल तर धरणाकाठच्या मासेमाराच्या घरात चूल नाही. म्हणजे शेवाळ हे मुळात वाईट नाही. ते कोणते आहे आणि किती आहे, एवढाच प्रश्न असतो.

भिगवणचे नाव निघाले आहे तर उजनीचेच उदाहरण घेऊ. उजनी धरण सोलापूर जिल्ह्यात भीमा नदीवर आहे. आपण 1 जानेवारीला कोरेगावला ज्या भीमेकाठी मानवंदनेला जमतो तीच ही भीमा. कोरेगावच्या खाली तिला मुळा-मुठा येऊन मिळते, आणि मुळा-मुठेबरोबर पुणे व पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी येते. त्यातले बरेच पूर्ण शुद्ध न होताच येते. शिवाय दोन्ही काठांवर ऊस आहे आणि उसाला घातलेले खत पावसाबरोबर नदीत उतरते. हे सगळे उजनीत जाऊन थांबते. धरणाचा एकूण साठा सुमारे 117 टीएमसी. त्यातला निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे 63 टीएमसी, मृतसाठा आहे. म्हणूनच उन्हाळ्यात वर्तमानपत्रात ‘उजनी उणे इतके टक्के’ अशा बातम्या येतात. सोलापूर शहर हेच पाणी पिते.

पावसाळ्यापासून सुरुवात करू, कारण धरणाचे वर्ष तिथूनच उघडते. आषाढ पौर्णिमेला भिक्खूंचा वर्षावास सुरू होतो, त्याच सुमाराला धरणात पहिले मोठे पाणी येते. हे पहिले पाणी सर्वांत घाण असते. आठ महिने नदीच्या पात्रात, नाल्यात, उकिरड्यावर, उघड्यावर जे साचलेले असते ते सगळे पहिल्या दोन-चार पावसांत धुऊन धरणात येते. पाणी गढूळ झाल्याने ऊन आत शिरत नाही, वनस्पती-प्लवक उपाशी पडतात. प्रवाहाने बरेचसे वाहून जातात. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये धरणातले शेवाळ कमी होते आणि बाहेरचे पाहुणे वाढतात. हे पाहुणे म्हणजे माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यातले जिवाणू. इ. कोलाय हा त्यातला ओळखीचा. तो सापडला म्हणजे पाण्यात विष्ठा मिसळली आहे असे समजतात, आणि जिथे विष्ठा तिथे विषमज्वर, हगवण, पटकी व कावीळ यांचे जंतू येऊ शकतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे 100 मिलिलिटर पाण्यात इ. कोलाय एकही असता कामा नये.

इथे थोडे विषयांतर होईल, पण ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने प्यायले आणि हजारो माणसे त्यांच्या मागोमाग प्यायली. तळे ‘बाटले’ म्हणून मग त्याचे शुद्धीकरण झाले. शेण, गोमूत्र, दूध आणि दही यांचे 108 घडे, मंत्र म्हणत. जिवाणूशास्त्राच्या नजरेने पाहिले तर त्या दिवशी काय घडले? ताज्या शेणाच्या एका ग्रॅममध्ये लाखो इ. कोलाय असू शकतात. दूध, दही आणि गोमूत्र म्हणजे जिवाणूंना आणि शेवाळाला खाऊ. माणसाच्या ओंजळीने जे पाणी बिघडले नव्हते ते शुद्धीकरणाने बिघडले. पवित्र आणि स्वच्छ हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि आरोग्याच्या पानावर आपला संबंध फक्त दुसऱ्याशी आहे.

पुन्हा पावसाळ्याकडे येऊ. या दिवसांत पाणी शुद्धीकरण केंद्रावरही ताण असतो. तुरटी घालून गाळ खाली बसवतात, वाळूच्या थरातून पाणी गाळतात आणि शेवटी क्लोरीन देतात. पण पाण्यात सेंद्रिय घाण जास्त असेल तर क्लोरीन तिच्यावरच खर्च होतो, जंतूंसाठी उरत नाही. नळाला येणाऱ्या पाण्यात लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा लागतो. आपल्या वस्त्यांत पाणी तासभर येते, बाकी तेवीस तास नळ रिकामे असतात आणि बऱ्याच ठिकाणी ते गटारीतून गेलेले असतात. रिकाम्या नळाला चीर असेल तर गटाराचे पाणी आत शिरते. थेट नळाला मोटर लावली की ते आणखी जोराने ओढले जाते. सुरुवातीचे दोन हंडे म्हणूनच प्यायला भरू नयेत, भांड्याधुण्याला वापरावेत.

विषाणूंची गोष्ट आणखी चिवट आहे. 1955-56 च्या हिवाळ्यात दिल्लीत सुमारे 29 हजार लोकांना कावीळ झाली. पुरानंतर यमुनेचा प्रवाह बदलला आणि सांडपाणी पाणी उपसण्याच्या ठिकाणापर्यंत आले होते. पाण्यात क्लोरीन टाकलेला होता, त्यामुळे विषमज्वराची साथ आली नाही. जिवाणू मेले, कावीळीचा विषाणू मात्र वाचला. त्या वेळचे जपून ठेवलेले रक्ताचे नमुने पुढे तपासले तेव्हा तो हिपॅटायटिस ई निघाला. आपल्याकडे 2012 मध्ये इचलकरंजीत आलेली कावीळीची मोठी साथ याच विषाणूची होती.

घरात कोणी गरोदर असेल तर हा परिच्छेद दोनदा वाचा. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हिपॅटायटिस ई झाला तर शंभरातल्या वीस ते पंचवीस मातांचा जीव जाऊ शकतो. डोळे पिवळे, लघवी गडद, भूक मेलेली, मळमळ, असे दिसले की त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे. कावीळ ‘उतरवणारा’, माळ घालणारा, नाकात रस पिळणारा यांच्याकडे एक दिवसही घालवू नये. आणि पावसाळाभर तिच्यासाठीचे पाणी उकळूनच द्यावे. खळखळ उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरते. वीस मिनिटे गॅस जाळण्याची गरज नाही, सिलिंडरचा भाव आपल्याला ठाऊक आहे. ज्या भांड्यात उकळले त्यातच झाकून गार करावे आणि लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढावे. पाण्यात हात बुडाला की उकळण्याची मेहनत वाया गेली.

सप्टेंबरच्या अखेरीस गाळ खाली बसतो. ऊन पुन्हा आत शिरते, आणि पावसाने आणलेले नत्र आणि फॉस्फरस तर तयारच असते. ऑक्टोबरच्या उकाड्यात, आपण धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या तयारीत असतो तेव्हा, धरणात वनस्पती-प्लवकांची पेरणी झालेली असते. ते वाढले की आठवड्या-दोन आठवड्यांत त्यांना खाणारे प्राणी-प्लवक वाढतात. या प्राणी-प्लवकांत सायक्लॉप्स नावाचा एक डोळ्याचा चिमुकला जीव असतो. जुन्या माणसांना नारू आठवत असेल. पायातून हातभर लांब दोऱ्यासारखा जंत निघायचा, तो काडीवर गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. तो नारू या सायक्लॉप्समधून यायचा. विहिरीत, पायविहिरीत उतरून पाणी भरणाऱ्यांना तो गाठायचा. पाणी फडक्याने गाळणे, विहिरीत औषध टाकणे, पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे एवढ्यावर देशाने तो संपवला. भारतातला शेवटचा रुग्ण 1996 साली राजस्थानात सापडला आणि 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले. ना लस होती, ना गोळी.

फडक्याची दुसरी गोष्ट बांगलादेशातली आहे. पटकीचा जिवाणू गोड्या आणि मचूळ पाण्यात सायक्लॉप्सच्याच कुळातल्या प्राणी-प्लवकांच्या अंगाला चिकटून राहतो. एकेका जिवावर हजारो. म्हणून प्लवक वाढले की मागोमाग तिथे पटकी वाढते. रिटा कोलवेल या शास्त्रज्ञ बाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या 65 गावांत एक साधा प्रयोग केला. तळ्याचे किंवा नदीचे पाणी घागरीत भरताना तोंडावर जुन्या सुती साडीची आठ पदरी घडी धरायची. 2003 साली त्यांनी निष्कर्ष छापले. पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले होते. एकटा जिवाणू साडीतून सहज निसटतो, पण ज्याच्या पाठीवर तो बसतो तो जीव अडकतो. साडी जुनीच हवी. वारंवार धुतल्याने तिचे धागे फुगून सैल झालेले असतात आणि भोके बारीक होतात. नव्या कडक साडीला ते जमत नाही.

हे वाचताना भिक्खूंचे परिस्सावन आठवते. अट्ठ परिक्खारांत, म्हणजे भिक्खूजवळ असायच्या आठ वस्तूंत, पाणी गाळायचे फडके आहे. चुल्लवग्गात याची एक कथा येते. दोन भिक्खू कोसल देशात प्रवास करत होते. एकाने दुसऱ्याला त्याच्या वागण्यावरून टोकले, म्हणून त्याने मनात राग धरला. पुढे टोकणाऱ्याला तहान लागली, त्याने गाळणे मागितले, दुसऱ्याने दिले नाही, आणि तो तहानेने मेला. तेव्हा तथागतांनी नियम केला की मागितल्यावर गाळणे नाकारू नये आणि गाळण्याशिवाय प्रवासाला निघू नये. त्या काळी जंतूंचे ज्ञान नव्हते. पाण्यातले जीव मरू नयेत, ही त्यामागची करुणा होती. करुणेपोटी घेतलेले ते फडके भिक्खूचे पोटही सांभाळत असणार, असे आज म्हणता येते. विहिरीचे, ओढ्याचे, टँकरचे पाणी वापरणाऱ्या घरांत असे आठ पदरी फडके असावे. वापरून झाले की गाळलेल्या पाण्याने खळबळून कडक उन्हात वाळवावे. फडक्यानंतरही क्लोरीन किंवा उकळणे हवेच, कारण विषाणू आणि सुटे जिवाणू त्यातून जातात.

हिवाळ्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. पाणी गार, जिवाणू मंद. डायटम नावाचे काचेच्या डबीसारख्या कवचाचे शेवाळ या दिवसांत जोरात असते, त्याने फार तर शुद्धीकरण केंद्रातले वाळूचे थर तुंबतात. 6 डिसेंबरच्या आसपासचे पाणी हे वर्षातले सर्वांत निर्मळ दिसणारे पाणी. तरीही गटारीतून गेलेला नळ हिवाळ्यातही तोच असतो, हे विसरून चालत नाही.

खरा कठीण काळ फेब्रुवारी सरल्यावर सुरू होतो. बादलीत गार पाणी घेऊन वरून अलगद ऊन पाणी सोडले तर ते वरच्या वर तरंगते, हे आपण आंघोळीच्या वेळी पाहतो. धरणाचे तसेच होते. उन्हाने वरचा थर तापतो, हलका होतो, खालच्या गार थरात मिसळत नाही. खालच्या थराला हवा मिळत नाही. तिथले जिवाणू गाळातले कुजके खात उरलासुरला प्राणवायू संपवून टाकतात. मग प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू पुढे येतात, सडक्या अंड्यासारखा वास तयार होतो, आणि गाळात बसलेले लोह, मँगनीज व फॉस्फरस पाण्यात विरघळू लागतात. साठा खाली जाऊन उपसा तळाजवळून होऊ लागला की हेच पाणी आपल्याकडे यायला निघते. भांड्याला तांबूस-काळा थर धरतो तो यामुळे.

वरच्या थरात त्याच वेळी नीलहरित शेवाळ माजते. नाव शेवाळ असले तरी हे खरे जिवाणूच आहेत. मायक्रोसिस्टिस हा त्यातला आपल्या देशातल्या तळ्यांत सर्रास आढळणारा. त्याच्या पेशीत हवेचे बारीक कप्पे असतात, त्यामुळे तो उन्हाकडे तरंगत येतो आणि इतर शेवाळांवर सावली धरून त्यांना मारतो. पाणी संथ, ऊन कडक आणि सांडपाण्यातून आलेला फॉस्फरस भरपूर, म्हणजे त्याला हवे तेच. वाऱ्याने तो काठाला ढकलला जातो आणि हिरवा रंग ओतल्यासारखी साय धरते. प्राणी-प्लवकांना तो नीट खाता येत नाही, त्यामुळे त्याला आवर घालणारे कोणी उरत नाही. रात्री हेच शेवाळ प्राणवायू ओढून घेते, म्हणून पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात आणि कधी मरून काठाला लागतात. उन्हाळ्यात उजनीचे पाणी हिरवे पडते ते अशा कारणांनी.

एप्रिलमधला तो मातीचा वास जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा. नीलहरित शेवाळाच्या काही जाती आणि मातीतले काही जिवाणू ते तयार करतात. पहिल्या पावसाच्या मातीचा वासही त्याचाच. वास त्रासदायक असला तरी तो विष नाही. विष वेगळे असते आणि त्याला वास नसतो. मायक्रोसिस्टिन हे त्याचे नाव, ते यकृतावर घाव घालते. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 1 मायक्रोग्रॅम एवढी सुचवली आहे, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. 1996 साली ब्राझीलमधल्या कारुआरू गावात हिरवे पडलेल्या धरणाचे, नीट शुद्ध न केलेले पाणी डायलिसिससाठी वापरले गेले आणि पन्नासहून अधिक रुग्ण यकृत निकामी होऊन दगावले. पाणी थेट रक्ताच्या संपर्कात आल्याने तिथे एवढा अनर्थ झाला. पिण्यातून परिणाम हळू होतो: उलटी, जुलाब, अंगाला खाज, आणि दीर्घकाळ प्यायल्यास यकृताचे नुकसान.

उकळण्याचा उपाय नेमका इथे चालत नाही. मायक्रोसिस्टिन उकळून नष्ट होत नाही. उलट पेशी फुटून विष पाण्यात मोकळे होते आणि पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. ऑगस्ट 2014 मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात सरोवरातून येणाऱ्या पाण्यात हे विष सापडले, तेव्हा चार-पाच लाख लोकांना ‘पाणी पिऊ नका आणि उकळूही नका’ असा आदेश द्यावा लागला होता. नुसते यूव्हीचे घरगुती यंत्र जंतू मारते, त्याच्या भरवशावर हिरवे पाणी पिऊ नये. कोळशाचा थर हे विष धरून ठेवतो, पण ते काम शुद्धीकरण केंद्रावर झाले पाहिजे, प्रत्येक झोपडीत नव्हे.

म्हणून उन्हाळ्यात नळाला हिरवट झाक दिसली, किंवा वस्ती थेट तलावाचे पाणी वापरत असेल आणि त्यावर हिरवी साय धरली असेल, तर ते पाणी प्यायला व स्वयंपाकाला घेऊ नये. बोअर किंवा तपासलेल्या टँकरची मागणी लावून धरावी. पोरांना त्या पाण्यात डुंबू देऊ नये, शेळ्या-म्हशींनाही साय धरलेल्या काठावर पाजू नये. भीमजयंतीला आपण जागोजागी पाणपोई लावतो, सरबत वाटतो. ते दिवस नेमके याच काळात येतात. त्या पाण्याचे पिंप कुठून भरले, हे मंडळातल्या एकाने जबाबदारी घेऊन पाहावे. जारचे पाणी गार असते, ते तपासलेले असतेच असे नाही, आणि गारव्यात वास दबतो.

कोणत्याही ऋतूत जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर लगेच जलसंजीवनी द्यावी. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. बाळाचे दूध बंद करू नये. मूल सुस्त पडले, डोळे खोल गेले, लघवी थांबली तर दवाखान्यात न्यावे.

राहिली तपासणी. शहरात पालिकेचा माणूस क्लोरीन पाहायला ओटी चाचणी करतो. पाण्यात थेंब टाकल्यावर ते पिवळे झाले तर क्लोरीन आहे. ही चाचणी आपल्या गल्लीच्या शेवटच्या नळावर करा, असे प्रभाग कार्यालयाला लेखी सांगता येते. टाकीजवळच्या पहिल्या नळावर क्लोरीन नेहमीच सापडतो. गावात ग्रामपंचायतीला पाण्याच्या स्रोतांसाठी लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळालेले असते, ते कोणते आहे हे ग्रामसभेत विचारावे. जल जीवन मिशनमध्ये गावागावांत पाच महिलांना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण देण्याची योजना आहे, त्या पाचांत आपल्या वस्तीतली एक तरी बहीण असावी. त्यांच्याकडच्या जिवाणू तपासणीच्या बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरून ती एक-दोन दिवस उबदार जागी ठेवायची. पाणी काळे पडले तर त्यात विष्ठेची घाण असण्याची दाट शक्यता. अधिक खात्रीसाठी नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्यावा. निकालाचा कागद हाती आला की नमुना कोणत्या महिन्यात घेतला ते आधी पाहावे. मार्चचा निकाल जुलैच्या पाण्याला लागू होत नाही, पहिल्या पावसानंतर नवा नमुना द्यावा लागतो.